रुमालाची जागा

अहो, अहो, थांबा, रुमाल आहे तिथं! नका बसू, नका — बसलात. आता ऐका, बस वरून बोलेल. ऐकलंत? ‘इस सीट पर रूमाल विराजमान हैं.’ विराजमान! माणूस धक्के खाऊन आत आला तर त्याला ‘आगे बढ़िए’, आणि रुमाल मात्र विराजमान. नाही, आता उठू नका, सुटतेय. दांडी धरा, पोटात जरा गोळा येईल — हं, झालं. दोन मजले वर आलो आपण. तरंगत्या बसमध्ये पहिल्यांदाच ना? वाटलंच. पाय असे दाबून बसला आहात, जणू बस तुम्हीच उचलून धरलीय. सोडा, सोडा. पडत नाही ही. मराठी कसं ओळखलं म्हणता? खाली फोनवर ‘पोचलो की करतो’ म्हणालात ना, त्यावरून. कुठले, नाशिकचे? अच्छा. आणि जायचंय कुठं, पहाडगंज? मग असं करा, हिंदूरावपर्यंत बसा. काठावर बसा, रुमाल न दाबता. तिसरा स्टॉप आहे. तिथं मात्र उठायचं, बिल्कुल उठायचं, कारण ती जागा मी धरलीय. कोणासाठी म्हणजे — आहे एक बाई. हसू नका, माझीच आहे.

तुम्हाला वाटेल म्हातारा एका फडक्यासाठी एवढा का ओरडतोय. पण तुम्हाला या रुमालाची गंमत माहीत नाही. ही बस दिल्लीत नवीन आली ना, तेव्हा तिला रुमाल कळायचाच नाही. छतातला तो डोळा दिसतो? तो बघायचा की सीटवर काहीतरी पडलंय आणि माणूस नाही, म्हणजे ‘लावारिस वस्तु’. झालं! बस खाली, सगळे बाहेर, पोलीस, कुत्रा — आणि कुत्रा येऊन हुंगणार काय, तर कुणाच्या तरी सर्दीचा रुमाल. दिवसात चाळीस-चाळीस वेळा, यार! आता लोक सवय सोडतात होय? खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची हे आपण बापजाद्यांपासून करत आलोय. शेवटी फाइल आली माझ्या टेबलावर. मी तेव्हा उपसचिव होतो. विश्वनाथ गाडेकर, आता रिटायर्ड. मी लिहिलं, आसनावर ठेवलेला रुमाल हा प्रवासी समजण्यात यावा. हिंदीत लिहिलं अर्थात. त्याला मोजायचं, त्याची जागा राखायची, आणि ज्यानं ठेवला त्यानं स्वतः उचलेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. पूर्ण शहरात लागू झालं! वरचे साहेब म्हणाले, ‘गाडेकर, रूमाल ही क्यों? अख़बार क्यों नहीं, थैला क्यों नहीं?’ आता काय सांगणार त्यांना. म्हटलं, ‘सर, रिसर्च किया है.’

रिसर्च कसला, रिसर्च म्हणजे वृंदा, माझी बायको. बसला चाकं होती तेव्हाची गोष्ट. ऑफिस सुटल्यावर तिमारपूरच्या बसला ही झुंबड, मी खिडकीतून रुमाल टाकला, दारातून लढत आत गेलो, बघतो तर रुमालावर एक मुलगी बसलेली, मांडीवर वह्यांचा गठ्ठा, तपासणं चालू. म्हटलं, ‘बहनजी, रूमाल.’ ती म्हणाली, ‘रूमाल को उतरना कहाँ है?’ उभ्यानं आलो घरापर्यंत. दुसऱ्या दिवशी त्याच बसमध्ये तिनं रुमाल परत दिला, धुऊन, इस्त्री करून, चार घड्या घालून. तेव्हा कळलं की मराठी आहे, पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवते. तेव्हापासून माझे सगळे रुमाल तीच इस्त्री करते. करायची. म्हणजे — करते. हा चुरगळलेला दिसतोय ना तुम्हाला? इस्त्रीचे संपले. हा मी धुतला. निळा कशानं झाला माहीत नाही, पांढराच होता.

हो, भांडण म्हणा हवं तर. भांडली असती तर बरं झालं असतं हो. संक्रांतीनंतर एक शब्द नाही, फक्त ‘लतिकाकडे जरा राहते’. लतिका म्हणजे तिची बहीण, हिंदूरावला राहते. आज नऊ दिवस झाले. शाळा अजून सोडली नाहीये तिनं, शिक्षक मिळत नाहीत म्हणून जाते चार तास. म्हणून रोज सकाळी ही बस. मी तिमारपूरला पहिल्या स्टॉपवर चढतो, रुमाल टाकतो, हिंदूरावला ती चढते, माझ्याकडे बघते, रुमालाकडे बघते आणि मागे जाऊन उभी राहते. गुडघे दुखतात तिचे, तरी उभी! आणि ही बया वरून सारखी, ‘रूमाल के यात्री कृपया बैठ जाएँ, रूमाल के यात्री कृपया बैठ जाएँ.’ सगळी बस माझ्याकडे बघते. बघू दे. — हे काय, टपावर धप्प झालं? माकडं आहेत, रिजवरची, त्या जंगलाच्या टेकडीवरची. झाडावरून उड्या मारतात, पहाडगंजला केळी खाऊन परतीच्या बसनं येतात. त्यांना मात्र मोजत नाही ही! साठ प्रवासी म्हणजे साठ, चाळीस बसलेले, वीस उभे, एकसष्टावा माणूस आला की जागची हलत नाही, पण माकडं कितीही.

मी काय केलं? मी काहीच केलं नाही. मी नियम पाळला. आमचं इथल्या मराठी लोकांचं मंडळ दर संक्रांतीला पानिपतला जातं, काला अंबला, तिथं लढाईचं स्मारक आहे. स्पेशल बस, चाळीस माणसं, बाहेरच्या पल्ल्याला उभं राहायचं नाही. मी सेक्रेटरी. अर्ज आले चाळीस, तारखेप्रमाणे यादी लावली, चोख. वृंदानं अर्जच भरला नाही. म्हणाली, ‘सेक्रेटरीच्या बायकोनं कसला अर्ज भरायचा?’ मी म्हटलं, अर्ज नाही तर नाव नाही, वेटिंग एक. वाटलं, गळेल कोणीतरी — थंडी आहे, वय झालेली माणसं आहेत — म्हणजे तसं नव्हे हो, सर्दीबिर्दी. कोणी गळलं नाही! गुणवंतराव एकशेदोन तापात आले, रजई गुंडाळून. आणि हिनं गुळपोळ्या केलेल्या, चाळीस माणसांच्या, माणशी तीन, दोन रात्री जागून. स्टॉपवर आली, डबा वर दिला कोणाच्या तरी हातात. दार लागलं. डबा गेला, बायको राहिली.

मी? आत होतो. पुढच्या सीटवर. खाली बघितलं नाही मी. म्हणजे यादी तपासत होतो. तपासायला काय होतं तिच्यात, पाठ होती. — आणि भाषण माझं होतं ना तिथं! तुम्हीच सांगा, भाषण ज्याचं त्यानं उतरायचं? पानिपतावर मागे राहिलेल्या आपल्या माणसांवर बोललो, अर्धा तास बोललो, लोकांचे डोळे पाणावले, आणि भाषण संपल्यावर विजयालक्ष्मीबाई पहिल्या रांगेतून विचारतात, ‘वृंदाताई कुठे आहेत?’ मी डब्यातली गुळपोळी तोंडात कोंबली हो. तिसरी. चौथी. रुमाल खिशात होता माझ्या त्या दिवशी. इस्त्रीचा. माझ्याच सीटवर टाकायचा आणि खाली उतरायचं, बस्, एवढंच होतं. सगळ्या दिल्लीच्या रुमालांना जागा दिली मी, आणि ज्या एका बाईमुळे दिली तिला — जाऊ दे. तुम्हाला कशाला सांगतोय मी हे. तुम्ही नाशिकचे.

उठा, उठा, हिंदूराव आलं. उतरतेय बस, दांडी धरा. धुक्यामुळे आधीची बस रद्द झालीय ना, बघा खाली रांग किती. ती राखाडी शाल, ती! तिसरी. दिसली? मफलर ठीक आहे ना माझा? तुम्ही असे आडवे नका उभे राहू, तिला जागा दिसली पाहिजे. आज बसेल. काल रुमालाकडे बघताना जरा हसल्यासारखी वाटली — निळा झालाय ना, म्हणून असेल. एक चढला. दुसरा चढला. आता ती, हं, ठेवला पाय —

‘साठ यात्री पूरे’? कसे पूरे? अरे, एक जागा आहे इथं! आहे, मी धरलीय! मोजा, तुम्ही मोजा, सगळ्या खुर्च्या भरल्या, ही एक रिकामी, उभे तुमच्यासकट वीस. एकोणचाळीस आणि वीस किती? एकोणसाठ. मग साठावा कोण, माकड? — अरे देवा. रुमाल. रुमालाला मोजलंय तिनं. मीच लिहिलंय, मोजायचं. डबा गेला, बायको राहिली. आता रुमाल बसला आणि बायको राहिली! हाँ भाई, उठा रहा हूँ, चिल्लाओ मत! उचलतोय — पण ती बघा. पाय मागे घेतला तिनं. वरसुद्धा बघितलं नाही. निघाली. सवय झालीय तिला, दोनदाच राहिली आणि सवय झाली हो!

सरका. सरका, मला उतरू द्या. नाही, हाक मारून यायची नाही ती, ओळखतो मी. वृंदा! बघा, नाही ना आली? सरका म्हणतो ना. रुमाल द्या तो. अहो, माझा आहे, मी उचलू शकतो, नियमात आहे — खड्ड्यात गेला नियम, द्या. दार धरून ठेवा जरा. हं. बसा आता तुम्ही. दोन जागा झाल्या, ऐसपैस बसा. पहाडगंज शेवटचा स्टॉप, चुकणार नाही. माझ्याकडे काय बघताय? जा तुम्ही. खालून ही बस कशी दिसते ते बघायचंय मला एकदा.