पाच बदाम

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. माणसाला चुकायची मुभा कुठं फुकट मिळते?

शाळेत? छडी! नोकरीत? नोटीस! सासरी? — बघा, बायकांच्या बाजूला आधी हसू फुटलं! म्हणजे प्रश्न कळला म्हणायचा.

हसा, हसा. पण कथा हसण्याची नाही. पुराणातलीही नाही. गोदाकाठची, कोपरगावची आहे, आणि मी ती माझ्या डोळ्यांनी पाहिलीय.

कोपरगावात रंगनाथ माळवदे म्हणून शिंपी. सगळे त्यांना तात्या म्हणतात. वय अडुसष्ट. हात असा नेमका, की चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाचं कापड वाया घालवलं नाही! दोनदा मापायचं, मगच कात्री लावायची. चूक म्हणजे त्यांच्या लेखी पापच. बायको वारलेली. एकुलता एक मुलगा हेमंत, शिकला, जर्मनीला गेला, तिथलीच मुलगी केली. सुनेचं नाव यूलिया.

दर रविवारी फोन यायचा. व्हिडिओवर सूनबाई हात जोडायची आणि म्हणायची, "नमस्कार बाबा! तू जेवली का?" आता सासऱ्याला कुणी 'जेवली का' म्हणतं? पण तात्या खूश! आठवडाभर दुकानात सांगत सुटायचे. आणि स्वतः? स्वतः फक्त मान हलवायचे. एक शब्द नाही!

हेमंत म्हणाला, "बाबा, तुम्ही पण शिका की तिची भाषा. फोनमध्ये ॲप आहे. फुकट आहे."

फुकट! अहो, फुकट म्हटल्यावर आपण विषसुद्धा चाटून बघू! तात्यांनी घेतलं.

आता या ॲपची रीत ऐका. शिकणं फुकट. पण रोज पाच लाल बदाम मिळणार, खायचे नव्हे, पत्त्यांतले असतात तसे. एक चूक केली, एक बदाम गेला. पाच चुका, पाचही गेले, की दुकान बंद! पुढं शिकायचं तर उद्या या, नाहीतर पैसे भरा. पैसे भरले की हव्या तेवढ्या चुका करा! वर एक यंत्राची बाई मिळते, ती तुमच्याशी गप्पा मारते, तुमची वाक्यं दुरुस्त करते, कधी चिडत नाही. म्हणजे काय झालं? शिकणं फुकट आणि चुकणं विकत!

मी कंपनीला शिव्या देत नाही. त्यांनाही पोट आहे. जत्रेत हलवाई चव देतो, पेढे काही वाटत नाही. हे कीर्तन तुम्हाला फुकट आहे, पण माईकवाल्याला विचारा!

हेमंत म्हणाला, "बाबा, मी भरतो पैसे. तुम्ही बोला त्या बाईशी."

तात्या भडकले! "चुकण्यासाठी पैसे? शिंप्याचं पोर मी! कापड फाडायला पैसे मोजू? चुकायचंच नाही, म्हणजे झालं!"

आणि मंडळी, तात्या खरंच चुकले नाहीत. कसे चुकतील? नवा धडा उघडला, की चूक व्हायची. एक बदाम गेला की जीव खालीवर. मग त्यांनी युक्ती केली. रोज पहिलेच चार धडे! मुलगा पाणी पितो. आई भाकरी खाते. कुत्रा लहान आहे. घर मोठं आहे. एकही चूक नाही. पाचही बदाम शाबूत! फोन म्हणायचा, शाबास! शंभर दिवस, दोनशे दिवस, सहाशे दिवस! गावात बोभाटा, तात्यांना जर्मन येतं!

रविवार येत होते आणि जात होते. तिकडून ती "तू जेवली का" म्हणायची. इकडून तात्या मान हलवायचे. चुकलो तर? हसली तर?

आणि एका मंगळवारी फोन आला. रविवार नव्हता. हेमंत गेला. छातीत कळ आली आणि संपलं. छत्तीस वर्षांचा!

मंडळी, बापाच्या आधी पोरानं जाऊ नये.

तिथंच अग्नी दिला. अस्थी घेऊन सूनबाई एकटी कोपरगावला आली. घाटावर मी होतो. गुरुजींनी सांगितलं तसं तिनं सगळं केलं, तात्यांच्या हाताला हात लावून गोदामाईत अस्थी सोडल्या. मग रिकामा कलश मांडीवर घेऊन पायरीवर बसली. दुसऱ्या दिवशी तिचं विमान. एकदा गेली की परत कशाला येईल? आणि नीट बघा! लहानपणचा हेमंत तात्यांकडं होता, मोठेपणचा हेमंत तिच्याकडं. हे दोघं आज बोलले नाहीत, तर तो पोरगा कायमचा अर्धा अर्धा राहणार होता.

तिनं तिच्या भाषेत, हळूहळू काहीतरी विचारलं.

तात्या माझ्याकडं वळले. "महाराज, 'मुलगा', 'लहान' हे शब्द ओळखले, मला कळलं ती काय म्हणाली. विचारतेय, हेमंत लहानपणी कसा होता?"

"मग सांगा ना!"

"चुकेन हो मी!"

मंडळी, मला राग आला. मी घाटावर ओरडलो, "चुका की मग! आता कोण काय काढून घेणार आहे तुमच्याकडून? होतं ते गेलं!"

कडू बोललो. पण तात्यांनी डोळे पुसले आणि तोंड उघडलं. शब्द कुठले? तेच, चार धड्यांतले! नंतर त्यांनी मला अर्थ सांगितला. "मुलगा… लहान. पाणी… मोठं." आणि हातानं उडी दाखवली! "आई… नाही, नाही, नाही!" म्हणजे आई ओरडायची. "मुलगा भाकरी… कुत्रा खाते." म्हणजे स्वतःची भाकरी कुत्र्याला घालायचा!

सूनबाई हसली. हसता हसता रडायला लागली. मग तीही हातवारे करत सांगू लागली. तिकडंही तो तळ्यात असाच उडी मारायचा, कडाक्याच्या थंडीत! तासभर दोघं बोलत होते. धड एक वाक्य नव्हतं. उठताना तात्या म्हणाले, "घर मोठं. घर… तू." ती त्यांच्या गळ्यात पडली.

रात्री तात्या मला म्हणाले, "महाराज, सहाशे दिवस मी बदाम वाचवले हो! पोरगं फोनवर होतं, सूनबाई त्याच्या शेजारी होती, तेव्हा तिघं बोललो असतो. ते राहिलंच."

म्हणून तुम्हाला विचारतो. ॲपवाले चुका मोजतात, तो त्यांचा धंदा आहे. तुमच्या घरी कोण मोजतं? सुनेचा एक शब्द वाकडा गेला, लिहून ठेवता! लेक दोन गोष्टी चुकला, बोलणं बंद! आणि धाकट्या भावाला फोन करायला हात जात नाही, कारण काय बोलावं ते नीट सुचत नाही! कधी सुचणार? घाटावर? कुणी नाव चुकीचं घेतलं म्हणून देवानं दार लावून घेतल्याचं तुम्ही ऐकलंत का?

टाळकरी, थांबा. भजन आत्ता नाही. ज्याचं ज्याच्याशी बोलणं अडलंय, त्यानं उठावं, मांडवाबाहेर जावं आणि फोन लावावा. वाकडं बोला, रडत बोला, पण बोला. देवाचं नाव तुम्ही परत आल्यावर घेऊ. मी इथं उभा आहे.