धुतलेली चादर

हसू नका, पण आमच्या दापोऱ्याची वटवाघळं माझ्या बायकोमुळे बेघर होणार होती. रोगाच्या भीतीने गावाने त्यांची चिंच तोडायची ठरवली होती. "आधी तपासते," म्हणून शहरातून आलेल्या मॅडमनी विष्ठा गोळा करायला झाडाखाली पांढरी चादर अंथरली. सकाळी पाहतात तर चादर धुऊन दोरीवर!

"काकू, हे काय केलं?"

"पाहुण्यांची चादर इतकी घाण, मला बघवेना."

"निदान हात साबणाने धुतले ना?"

"अख्खी चादर धुतली पोरी, हात कोरडे राहतील का?"

मॅडमनी दुसरी चादर अंथरली. या वेळी ही स्वतः राखणीला बसली. सुनेने झाडू उचलला, तशी ओरडली, "खबरदार! त्या घाणीवर झाडाचा जीव आहे."

पुढे अहवाल आला. रोग निघाला नाही. सरपंचाने कुऱ्हाड मुकाट्याने घरी नेली.