न कापलेलं पान

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगतो. एकोणीसशे साठच्या आसपास मी अकोल्याहून अमरावतीला एमेस्सीला आलो आणि गणिताच्या एका सिद्धतेत तीन दिवस अडकलो. शेवटी कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारलं, "काका, यावर काही पुस्तक आहे का?"

त्यांनी एक विलायती पुस्तक काढलं. "हे आजवर कोनीच नाही नेलं. पाह्य, पानंबी जोडलेलीच आहेत."

तेव्हा तशी पुस्तकं यायची. जोडलेल्या कडा पहिल्या वाचणाऱ्यानं कापायच्या. काकांच्याच चाकूनं, त्यांच्यासमोर, मी हवं ते पान कापलं. आत समासात पेन्सिलीनं चक्क मराठीत लिहिलं होतं, "तुझी तिसरी ओळ चुकली."

काका भडकले. "पुस्तकात काहून लिहिलं बे?"

"अहो काका, पान तर आत्ता तुमच्यासमोर कापलं!"

त्यांनी पानाची ताजी कापलेली कड बोटानं चाचपली. मग हळूच म्हणाले, "वही काढ. तुह्या सिद्धतेतली तिसरी ओळ पाह्य."

पाहिली. वजाच्या जागी मी अधिक लिहिलं होतं.

सिद्धता सुटली, पहिला वर्गही मिळाला. पण त्या पुस्तकाची पुढची पानं कापायची माझी हिंमत झाली नाही.