तिथीची पाऊणपट

या, जवळ सरका, आणि कीर्तनात आख्यान ऐकतो तसे कान देऊन ऐका. काल रेवसच्या जेटीवर बोटीच्या रांगेत माझ्यापुढे दोघं बसली होती: मांडीवर लॅपटॉप घेतलेली मृणाली आणि जन्मभर बोट हाकलेले म्हातारे तांडेल दत्तूकाका.

"काका, बोटीच्या तिकिटांचं सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर नेतेय. जुनं सोमवारी बंद पडेल."

"मग अडलं कुठं?"

"जुनं आजची बाराची बोट रद्द दाखवतं. माझं नवं सोडतंय."

"अगो बाय, आज अष्टमी! बाराला ओहोटी. बोट चिखलात रुतंल, माणसांसकट."

"जुन्यात तिथीची पाऊणपट केलेली होती. मला वाटलं, कुणाची तरी पंचांगाची हौस. काढून टाकलं."

"हौस? आठाची पाऊणपट किती?"

"सहा."

"सहाला भरती. पुढं सहा तासांनी ओहोटी. बापजाद्यांचं घड्याळ हाय ते, आन् तू पुसलंस!"

"परत घालते. महिन्याच्या सगळ्या तिथी लावून तपासते."

"सोमवारच्या आत हुईल?"

"होणारच. तोवर इथून उठत नाही."

"तुझी बोट जाईल की!"

"पुढची घेईन. काका, त्या ओळीशेजारी लिहिलंय, 'चंदाबाईंनी सांगितलं.' या कोण?"

"तिकीटखिडकीवर बसायची. शाळा बघितली न्हाय, पण तिच्या तिकिटावर कोन चिखलात अडकला न्हाय."

"मग नव्यातही आधी त्यांचं नाव लिहिते."

बोट आली, मी चढले. मृणाली तिथंच टाइप करत होती.

रेवसला कोरड्या पायांनी बोटीत चढलात, तर तेवढी चंदाबाईंची आठवण काढा.