घरचं नाव, दप्तरी नाव

…नाही नाही, वत्सला, तो कागद राहू दे बाजूला, मीच लिहिलाय तो, मीच सांगतो. नव्या माणसाला कळावं म्हणून लिहिला आणि बघ, कुणालाच कळत नाही. आपण प्रोग्राम लिहितो इथे कुंभकोणमात, पण तो ठेवायचं भांडार चेन्नईच्या मशीनवर – कुणी कधी काय बदललं ते सगळं तिथे, नावानिशी. तिथवर जायचं एसएसएचनं – लांबच्या मशीनच्या आत नेणारा प्रोग्राम तो. त्याच्या फाइलीत दोन ओळी. होस्ट म्हणजे काय? होस्ट म्हणजे घरचं नाव. आणि होस्टनेम म्हणजे दप्तरी नाव. तुझंच घे – आजीचं नाव वत्सला, आईनं सासूचं नाव घ्यायचं नाही, मग घरी तुला काय म्हणतात? – चिट्टी. हं, बघ. मीही आजोबांच्या नावाचा हयग्रीव, पण आई शेवटपर्यंत मला राजाच म्हणत होती. तसं तू नुसतं ‘भांडार’ म्हणायचं, मशीन खालच्या ओळीतला आकडा बघतं आणि तिथे जातं. आपण आकडा बघायचा नाही.

घाल तर, भांडार. – आलं ना? विचारतंय, या मशीनला मी ओळखत नाही, पुढे जाऊ का, यस की नो. सगळ्यांनाच विचारतं पहिल्यांदा. नव्या सुनेसारखं आहे ते, पाहुणा कोण म्हणून एकदा विचारते, मग काफी आणून देते. कागदावर शेवटी लिहिलंय – यस लिहा, पासवर्ड द्या. लिही.

का थांबलीस?

कुठला आकडा? – भांडार बघतो त्या चेन्नईच्या विक्रमनं दिला? मुलाखतीच्या दिवशी? सरी, सरी, ठीक आहे. वेगळा आहे, हो, दिसतंय मला. कागदावरचा आकडा इथलाच आहे, मागच्या खोलीतल्या मशीनचा – ती कुलूप लावलेली खोली, किल्ली माझ्याकडे असते ती. तुझी हाक, पासवर्डसकट, आधी तिथे जाते, तिथून चेन्नईला. काम होतं की नाही? होतं. कुणाचं काही अडलं? शेषाद्रीचं नाही अडलं, तुझ्या आधी याच खुर्चीवर बसत होता – यस म्हणाला, पासवर्ड दिला, रोज आत जात होता. मग एका सकाळी चेन्नईचं अर्धं भांडार पुसलेलं. आत कोण आलं होतं? शेषाद्री. रडत होता बिचारा, मी नव्हतो सर, मी नव्हतो. नसेलही. पण नाव त्याचं, पासवर्ड त्याचा, कोण ऐकणार? घालवलं त्याला. ठरलेलं लग्नही मोडलं म्हणतात.

मला वाईट वाटलं नाही असं नाही. वाटलं. पण राग त्याहून मोठा होता, वत्सला. हे ऑफिस मी उभं केलं, भात पिकवणाऱ्यांची पोरं आणून मी शिकवली त्यांना – आणि चेन्नईवाले अठ्ठ्याण्णवच्या पोंगलला ते बंद करणार, मला एका शब्दानं न विचारता. मग भांडार तरी त्यांच्याकडे का राहावं? अर्धंच झालं तेव्हा, अर्धं राहिलंय. – घाबरू नकोस, तू लहान आहेस, तुला दुसरीकडे नोकरी मिळेल. – नाही, तसं म्हणालो नाही मी. दुसरीकडे म्हणजे – पुढे कधीतरी, असं.

यस लिही, अम्मा. नुसता एक शब्द.

तो रिसीव्हर असा खाली का काढून ठेवलाय? – आकडा जुळेना म्हणून चेन्नईला लावलास? मी यायच्या आधी? आणि अजून तसाच आहे – विक्रम आहे त्यावर? असू दे. ऐकू दे की. त्याच्या तोंडी कधी तमिळ, कधी इंग्रजी, आपली इकडची घरची मराठी त्याला काय कळणार? अगं, महाराष्ट्रातून आलेल्या माणसालाही ती धड कळत नाही. दोघं कसलं तरी तेलुगू बोलतायत म्हणेल आणि ठेवून देईल.

काय म्हणालीस?

विक्रम, इथल्या मेलकावेरीचा? – म्हणजे त्रिविक्रम? गंगाबाईचा नातू, तो? – नाही, कसं शक्य आहे, इतकी वर्षं माझ्याशी तमिळ बोलतोय तो. मी कधी विचारलं नाही, पण – आपला माणूस असता तर बोलला नसता?

दे इकडे. हॅलो. – हॅलो, विक्रम –

‘बोला काका’ म्हणतोय.

तू ऊठ, वत्सला. घरी जा. जाताना दार ओढून घे.