साहेबांचा वाडगा

माझ्या चिनी चहाच्या वेडाला काकांनी परवानगी कशी दिली ते सांगते, पण आधी हातातले कप खाली ठेवा.

हैदराबादेत कॉलेजात असताना एका चिनी दंतवैद्याच्या बायकोनं मला हा चहा शिकवला. निघताना किटली, चिमुकले पेले आणि एक वाडगा भेट दिला. सुट्टीत ते सगळं मी उटनूरला काकांच्या घरी आणलं. काका तहसिलीत पेशकार, म्हणजे साहेबांपुढे कागद ठेवणारे कारकून; त्यांनी घरातही हुकूम काढला, "एकदा पाजून दाखव. नाई आवडला तर सारी भांडी इहिरीत!"

मी पानांवर उकळतं पाणी ओतलं. पहिल्या पाण्यात पानांची धूळ निघते, म्हणून ते फेकायचं असतं. ते मी वाडग्यात काढलं आणि दुसऱ्या पाण्याचा चहा पेल्यांत भरला.

"हे काय? बाहुलीचं लगन हाय का?" काकांनी पेला सारला आणि थेट वाडगा उचलला.

"काका, ते नका..."

"गप! मोठ्या मानसाले मोठं भांडं, येवढंबी कॉलेजात शिकवलं नाई?"

भुरके मारत त्यांनी वाडगा संपवला, मिशा पुसल्या. "वा! याले म्हनतात चहा! ठेव भांडी. पेले तुमी बायका घ्या, मले रोज वाडगाच."

काकूनं तोंडात पदर कोंबला. मी म्हटलं, "जशी तुमची मर्जी!"

तेव्हापासून रोज काका धुवण पितात आणि चहा आम्ही दोघी. काल तर तहसीलदारसाहेबच घरी आले. काका ओसरीवरून ओरडले, "पोरी, साहेबांसाठी याच्याहून मोठा वाडगा काढ!"