उलट्या पंखांचं विमान

हॅलो?… हॅलो, कोण?… अरे, तू होय! पोचलास का? जेवलास?… बरं बाबा, नाही विचारत. बोल.

हो, चार वाजता येणार ते प्रदर्शनवाले. आहे लक्षात. सगळं टेबलावर काढून ठेवलंय. तुझं ते खेळण्यातलं विमान, त्याचं खोकं, तू लिहिलेली चिठ्ठी. विमान तर पुसून अगदी लखलखीत केलंय.

अरे, कोरड्या फडक्यानं!… नाही, साबण नाही. मी काय वेडी आहे?

काय बघू?… थांब, चष्मा लावते. आणि तुला स्पीकरवर टाकते, म्हणजे हात मोकळे राहतील. हां, सांग. पंख?… आहेत की दोन्ही. जातील कुठे?… वीज आहे ना. पिवळी वीज. दोन्ही पंखांवर, वरच्या बाजूला.

वरच्या. वरच्याच रे, समोर दिसतेय मला.

हॅलो?… हॅलो, गेलास का?

अरे, ओरडू नकोस! भिंतीपलीकडे माणसं राहतात… हो, आधी खाली होती. पोटाखाली, तीही उलटी. चुकलंच होतं ते. म्हणून तर मी नीट केलं.

नीट केलं म्हणजे नीट केलं! आणखी कसं सांगू? काल दुपारी पुसायला घेतलं, तर खोक्यावरच्या चित्रात वीज वर आणि हातातल्या विमानात खाली. दोन्ही पंख उलटे. घाईत बूट उलटे घालून शाळेत आलेल्या पोरासारखं दिसत होतं बिचारं. म्हटलं, उद्या चार लोक बघणार, तुला हसणार. दीड तास मान मोडून बसले. चष्म्याच्या स्क्रू-ड्रायव्हरनं एकेक स्क्रू काढला, चित्रात बघून पंख जुळवले, आणि तू…

ऐकतेय. बोल. पण एक-एक वाक्य बोल, मला सगळं एकदम कळत नाही… कारखान्यातच उलटे बसले?… एकाच दिवशी?… आणि मग त्यांच्या लक्षात आलं, म्हणून बाकीची परत घेतली. बरं. मग?… फक्त अकरा राहिली? सगळ्या जगात?

म्हणजे ते चुकलेलं आहे म्हणून त्याला मान? अरे, असं कुठे असतं! चुकणाऱ्याला पहिला नंबर?

मग हे मला आधी सांगायचंस ना!… कधी सांगितलंस?… वाढदिवसाला? मग मी काय म्हणाले?… "छान आहे, आता हात धुऊन ये"?… हो, म्हणाले असेन.

थांब, थांब. मग तुझ्या कपाटातली ती मोटार, दोन्ही दारं डावीच असलेली? तीही मुद्दाम घेतलीस?… आणि ते तीन कानांचं अस्वल?… सगळंच? बारा वर्षं मी त्यांच्यावरची धूळ झटकतेय आणि मला वाटायचं, दुकानदार तुला फसवतात! एवढा शिकलेला मुलगा आणि याला साधी खेळणी पारखून घेता येत नाहीत, असं तुझ्या मावशीजवळ रडलेसुद्धा मी.

नाही, बाकी कशाला हात लावला नाही… खरंच नाही… बरं, मोटारीला लावला होता. पण दार निघालंच नाही. शप्पथ.

हे बघ, चिडून काही होणार नाही. वीस मिनिटं आहेत. पुन्हा होतं तसं करायचं ना? करू. सांग… आधी माणूस करायचा? विमानाचा माणूस, टीव्हीवरच्यासारखा? का?… पाठीतले स्क्रू त्याशिवाय दिसत नाहीत? काल तर दिसले मला… मी वाकवून काढले? असेल. बरं, सांग.

नाक मागे वळवलं… वळलं. आता पाय?… कुठले पाय? याला पाय कुठेत?… अरे, मग शेपटी म्हण ना! सध्या विमान आहे ते. शेपटीचे पाय झाल्यावर पाय म्हण. वर्गात असं शिकवलं असतंस तर पोरांनी डोकी खाजवली असती… ओढतेय… ओढतेय रे! हां, आले पाय. आता हात. पोटातून मुठी बाहेर काढल्या. डोकं?… नाही येत. अर्धंच आलंय, डोळ्यांपर्यंत. माझ्याकडेच बघतोय रागानं, तुझ्यासारखा.

काच दाबू? छातीवरची?… आलं! वज्रपंख उभा राहिला बघ. टीव्हीवर कसा चुटकीसरशी विमानाचा माणूस व्हायचा मेला… हो, आठवतं ना. तू सोफ्यावरून उडी मारायचास त्याच्याबरोबर.

डाव्या पंखाचा स्क्रू निघाला. पंख काढला, उलटा बसवला. वीज गेली खाली. झालं समाधान?… आता उजवा… हा हलत नाही. फिरतोय नुसता… जोर लावला तर मोडेल… अरे, लावते, पण मोडला तर मला बोलायचं नाही!

काय म्हणालास?… त्यांना काहीच सांगायचं नाही? का बरं?

हो, दिसेल तसंच. पण ती चूक कारखान्याची होती, ही माझी. तू चिठ्ठीत काय लिहिलंयस, वाचू? "कारखान्यातून निघालं तेव्हापासून कुणीही उघडलेलं नाही." हे आता खरं आहे का?… मला कुणी विचारणार नाही, हे मलाही कळतं. पण तू खोटं लिहिलंस, हे मला ठाऊक राहील ना… नाही. मी बसवून देते, पण गप्प बसणार नाही. ते दोन्ही माझ्याच्यानं व्हायचं नाही.

मला ठाऊक आहे तू बारा वर्षं वाट बघितलीस. पहिल्यांदाच बोलावलंय तुला, तेही याच विमानासाठी. म्हणून तर पुसत बसले होते ना रे!

हे काय बोलणं झालं? तुझी एकही चूक मी राहू दिली नाही, म्हणजे? आई आहे मी, शिक्षिकाही आहे. राहू देऊ?

कुठलं पत्र?… शिबिरातलं? तू चौथीत होतास तेव्हाचं?… आठवतं की. चौदा चुका होत्या त्यात. लाल शाईनं तपासून परत पाठवलं होतं मी, खाली "सुधारणेला वाव आहे" असंही लिहिलं होतं.

पत्रात काय होतं?… शिबिरातली गंमतच असणार, आणखी काय?…

काय?

"मला घरी ने", असं होतं?

मी वाचलं नाही रे ते. तपासलं.

नाही, तू बोल. थांबलास का? ओरड हवं तर. तेव्हा ओरडला नाहीस, आता तरी… भिंतीपलीकडचे गेले खड्ड्यात.

थांब, बेल वाजली. हे बघ, एक पंख उलटा झालाय, एक सुलटाच आहे, आणि ते आले. स्पीकर बंद करते. ठेवू नकोस हं फोन!

या, या. बसा. विमान हे. पण नेण्याआधी ऐकून घ्या. कारखान्यात याचे पंख चुकून उलटे बसले होते. ते मला ठाऊक नव्हतं, काल मी ते सुधारले. आज परत उलटे करत होते, तर एकच झाला. चूक माझी. मुलाचा काही दोष नाही, तो गावाला गेलाय. आणि ही चिठ्ठी आता खरी नाही, तेवढी मी फाडते.

ऐकलंस ना?… थांब, ते काहीतरी म्हणताहेत.

काय हो?… दुर्मिळ वस्तूंच्या कपाटात नाही ठेवता येणार. बरोबर आहे तुमचं… मग कुठे?… दाराजवळच्या टेबलावर? शाळेची मुलं येतात तिथे?… असंच, एक पंख उलटा ठेवून?… आणि त्याचं काय झालं ते सांगायला माणूस हवं. हं.

अरे, ते असं म्हणताहेत. देऊ की नको? तू ठरव. या वेळी बरोबर काय, ते मी सांगणार नाही…

देऊ? नक्की?… दुर्मिळ वस्तूंचं कपाट गेलं रे तुझं. वाईट वाटतंय ना?… वाटणारच. मलाही वाटतंय.

मग सांगायला कोण उभं राहणार? तू?… मी?… नाही रे, मला कुठे… प्रदर्शनाचे दोन्ही दिवस?… प्रत्येक मुलाला? "मी चुकले", असं प्रत्येक मुलाला सांगू? दोनशे मुलं येतील तिथे!… हसतोयस काय? अजून राग गेला नाही ना तुझा?… मग हसतोस कशाला?

बरं. येते. किती वाजता उघडतं, विचारून घेते… अहो, खुर्ची मिळेल ना तिथे? गुडघे दुखतात माझे… मिळेल म्हणताहेत.

ठेव आता फोन. विमान बांधून द्यायचंय त्यांना.